लाट पाहावी वाचून

सिडनीचे बीच म्हणजे फक्त फोटोतलं निळं पाणी नव्हे. तिथे वादळं येतात, रातोरात वाळू गायब होते आणि कधीकधी पाण्यात शार्कही असतो. तरीही ऑफिसआधी तासभर लाटांवर जाणारी माणसं रोज पहाटे तोच एक प्रश्न सोडवतात... आज पाण्यात जायचं की नाही?

सोमवारची पहाट, साडेपाच. तुम्ही-आम्ही अलार्म स्नूझ करून कूस बदलतो, त्या वेळी सिडनीच्या मॅनली बीचच्या कठड्यापाशी पंधरा-वीस माणसं उभी असतात. हातात कॉफीचा कप, अंगात हुडी आणि नजर समुद्रावर. कुणी बँकेत, कुणी आयटीत, कुणी नर्स, कुणी प्लंबर. अजून दोन-अडीच तासांनी यातली निम्मी माणसं बोट पकडून शहरातल्या काचेच्या इमारतींमध्ये जाऊन बसणार आहेत. पण त्याआधी सर्फिंग. आणि सर्फिंगच्याही आधी हे नुसतं उभं राहणं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फारसं कुणी बोलत नाही. मग एखादा मान हलवतो, कप कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि गाडीवरचा बोर्ड सोडवायला लागतो. दुसरा खांदे उडवतो आणि सरळ घरी जातो.

सर्फिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सोनेरी केस, सिक्स पॅक, घराएवढी लाट आणि बॅकग्राउंडला गिटार. हे चित्र खोटं नाही, फक्त अपुरं आहे. ऑफिसच्या कामामुळे मला तीन वर्षं मॅनलीच्या मागच्या एका गल्लीत राहायला मिळालं. तिथे एक गोष्ट रोज दिसायची. लाटेवर उभं राहणं हा या खेळाचा अगदी छोटा भाग आहे. उरलेला सगळा वेळ माणसं समुद्र वाचत असतात. आणि हे वाचन कुणाला किती जमलंय, ते कळतं बोर्ड काखेत मारून परत फिरणाऱ्या माणसाकडे बघून.

फेरीने अर्धा तास

आधी जरा नकाशा. ऑपेरा हाउसच्या बाजूला सर्क्युलर की नावाचा धक्का आहे. तिथून मॅनलीची फेरी सुटते. आपल्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच आठवा, फक्त जरा जास्त ऐसपैस. अर्ध्या तासाचा प्रवास. मध्ये एके ठिकाणी खाडीचं तोंड थेट पॅसिफिक महासागराला उघडतं. तिथे बोट डोलायला लागली की टुरिस्ट किंचाळतात आणि रोजचे प्रवासी पेपरातून डोकं वर काढून बाहेर बघतात. आज लाट किती आहे, याचा पहिला अंदाज तिथेच येतो. समुद्र फारच खवळलेला असेल तर फेऱ्या चक्क रद्द होतात.

धक्क्यावर उतरून कॉर्सो नावाच्या रस्त्याने पाच मिनिटं चाललं की समोर मॅनली बीच. सुमारे दीड किलोमीटरची वाळू आणि काठाने उंच नॉरफोक पाइनची झाडं. बीच एकच, पण नावं तीन. दक्षिणेला साउथ स्टाइन, मधला भाग नॉर्थ स्टाइन आणि उत्तरेला क्वीन्सक्लिफ. नावं वेगळी, कारण पाणीही वेगळं. दक्षिण टोक डोंगराच्या आडोशाला, त्यामुळे लाट बेताची. उत्तरेकडे जाल तसा समुद्र उघडा होत जातो. नवशिके एका टोकाला, मुरलेले दुसऱ्या टोकाला.

मॅनलीच्या उत्तरेला बीचची माळच आहे. फ्रेशवॉटर, कर्ल कर्ल, डी वाय, लाँग रीफ, कोलरॉय, नॅराबीन... आणि शेवटी पाम बीच. या सगळ्या पट्ट्यात रेल्वे नाही. फेरी, बस किंवा स्वतःची गाडी. म्हणूनच इथे आजही एखाद्या मोठ्या गावासारखं वाटतं. आणि गावात जसा प्रत्येकाचा पार ठरलेला असतो, तसा इथे प्रत्येकाचा बीच.

यातलं फ्रेशवॉटर म्हणजे ऑस्ट्रेलियन सर्फिंगची पंढरी. हवाईचा ऑलिम्पिक जलतरणपटू ड्यूक कहानामोकू पोहण्याच्या शर्यतींसाठी इथे आला होता. त्याने इथल्याच लाकडातून एक बोर्ड तासून घेतला आणि डिसेंबर १९१४ मध्ये लाटांवर उभं राहून दाखवलं. १९१५ च्या सुरुवातीला त्याने इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या स्थानिक मुलीला आपल्यासोबत बोर्डवर घेतलं. त्याआधीही इथे तुरळक प्रयत्न झाले होते, पण शहराला वेड लागलं ते तेव्हापासून. ड्यूकचा तो बोर्ड आजही फ्रेशवॉटरच्या लाइफ सेव्हिंग क्लबात जपून ठेवलाय. बोर्ड कसला, दारच आहे ते! पुढे १९६४ मध्ये सर्फिंगची जागतिक स्पर्धा मॅनलीलाच झाली आणि मिजेट फॅरेली या सिडनीच्याच पोराने ती जिंकली.

दीड मीटर, बारा सेकंद, दक्षिण

आता त्या कठड्यापाशी उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यात काय चाललेलं असतं, ते बघू. त्यांनी उठल्या उठल्या मोबाइलवर काही आकडे पाहिलेले असतात. लाँग रीफच्या समोर, किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रात एक बोया तरंगत असतो. तो लाटांची उंची, दिशा आणि दोन लाटांमधलं अंतर मोजून सतत कळवत राहतो. शेअर बाजारवाले जसा सेन्सेक्स बघतात, तसे हे लोक बोया बघतात.

आपल्याला वाटतं, उंची महत्त्वाची. पण मुरलेला सर्फर आधी सेकंद विचारतो. दोन लाटांमध्ये सात-आठ सेकंद असतील तर त्या जवळच्याच वाऱ्याने उठवलेल्या, विस्कटलेल्या लाटा. बारा-चौदा सेकंद असतील तर त्या कुठेतरी दूर दक्षिणेच्या महासागरातल्या वादळातून निघून शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेल्या. अशी लाट दिसायला लहान असली तरी तिच्या पोटात ताकद असते. उंची दीड मीटरच, पण सेकंद वाढले की हिशेब बदलला.

मग वारा. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे म्हणजे पश्चिमेकडून वारा असेल तर तो लाटेचा चेहरा उभा धरून ठेवतो. लाट काचेसारखी गुळगुळीत. उन्हाळ्यात दुपारी ईशान्येकडून समुद्री वारा सुटतो आणि सगळ्या काचेचा चुरा करून टाकतो. म्हणून तर पहाटेचा अट्टहास! याच ईशान्य वाऱ्याबरोबर निळसर, डंख मारणारे ब्लूबॉटल किनाऱ्याला लागतात, ते वेगळंच.

आणि एक पाहुणा न सांगता येणारा. त्याला 'सदर्ली बस्टर' म्हणतात. उन्हाळ्यातली घामट दुपार असते, पारा पस्तिशीत, आणि अचानक दक्षिणेकडून गार वारा घुसतो. काही मिनिटांत तापमान दहा-पंधरा अंशांनी खाली. छत्र्या उडतात, टॉवेल उडतात, पाण्यात बसलेल्या माणसांचं पाणीच बदलून जातं. मान्सूनपूर्व वळवाचा पाऊस अनुभवलेल्या पुणेकराला हे लगेच कळेल. फक्त आपण तेव्हा गॅलरीत कपडे काढायला धावतो, समुद्रात नसतो.

त्यांचं वादळ, आपलं वादळ

आपल्याकडे कोकणात हिशेब सोपा. जून लागला की होड्या वर ओढायच्या, जाळी विणत बसायचं आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ दिल्यावर मग पुन्हा पाण्यात. वादळाचे दिवस म्हणजे समुद्राचे सुट्टीचे दिवस. सिडनीत बरोबर उलटं. वादळ येणार म्हटलं की ऑफिसातल्या सर्फरची चुळबुळ सुरू होते. कारण मोठ्या लाटा वादळच पाठवतं. अट एकच, वादळाने स्वतः जरा लांब राहावं.

पण ते नेहमी ऐकत नाही. इथल्या किनाऱ्याला 'ईस्ट कोस्ट लो' नावाच्या वादळाची सवय आहे. किनाऱ्याजवळच कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि दोन-तीन दिवस समुद्र आणि पाऊस मिळून धिंगाणा घालतात. ४ आणि ५ जून २०१६ चा वीकएण्ड सिडनीत कुणी विसरलेलं नाही. नेहमी दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा त्या वेळी पूर्व-ईशान्येकडून आल्या, वर मोठी भरती. कोलरॉयला काही ठिकाणी पन्नास मीटरपर्यंत वाळू वाहून गेली. समुद्राकाठच्या घरांची अंगणं कोसळली आणि एका घराचा पोहण्याचा तलाव तुटून अख्खाच्या अख्खा बीचवर येऊन पडला. तो फोटो जगभर गेला.

गंमत म्हणजे ती वाळू गेली कुठे? कुठेच नाही. समोरच, पाण्याखाली. वादळ किनारा खरवडतं आणि वाळूचा उंचवटा थोडा आत समुद्रात नेऊन ठेवतं. नंतर शांत दिवसांत छोट्या छोट्या लाटा तीच वाळू ओंजळ-ओंजळ करत परत आणतात. याला महिने लागतात, कधी वर्षं. नॅराबीन-कोलरॉयचा हा किनारा संशोधक १९७६ पासून दर महिन्याला मोजतायत. त्यातून कळलं, की बीच एका जागी उभाच नसतो. एल निनो आणि ला निनाच्या चक्रासोबत वाळू कधी उत्तर टोकाला साठते, कधी दक्षिण टोकाला.

सर्फरसाठी याचा अर्थ फार सरळ आहे. लाट कुठे फुटणार, हे तळाची वाळू ठरवते. गेल्या आठवड्यात जिथे झक्कास लाट मिळाली, तिथे या आठवड्यात नुसता खड्डा असू शकतो. म्हणजे वीस वर्षं त्याच बीचवर जाणाऱ्या माणसालाही दर वादळानंतर बीच नव्याने शिकावा लागतो.

म्हणूनच कोलरॉयच्या भिंतीवरून एवढं वाजलं. २०१६ नंतर घरं वाचवण्यासाठी तिथे सात मीटर उंच काँक्रीटची भिंत उभी राहिली. २०२१ मध्ये लोक हातात हात घालून वाळूवर रांग करून उभे राहिले, भिंतीच्या विरोधात. घरमालकांचं म्हणणं, आमचं आयुष्यभराचं कर्ज त्या घरात आहे. बीचवाल्यांचं म्हणणं, भिंतीवर आपटून परत फिरणारी लाट पुढची वाळू घेऊन जाईल, मग घर राहील आणि बीच जाईल. दोघांचंही खरं आहे, हीच तर पंचाईत. समुद्राला लागून घर घेण्याची स्वप्नं आपल्याकडे अलिबाग-दापोलीतही विकली जातात, तेव्हा हा वाद आपल्यापासून फार लांबचा नाही.

झेंड्यांच्या मधोमध

सिडनीतली बरीच मराठी मंडळी राहतात पश्चिमेला. पॅरामॅटा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल. गणपती तिकडे, चकलीची भाजणी तिकडे, आणि समुद्र मात्र पार पूर्वेला. ट्रेन आणि फेरी मिळून सव्वा तास तरी मोडतो. त्यामुळे बीच म्हणजे पाहुणे आले की दाखवायची जागा. आणि खरा धोका इथेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर बुडणाऱ्यांमध्ये परदेशात जन्मलेल्यांचा वाटा मोठा असतो.

त्यांना बुडवणाऱ्या गोष्टीला तिथे 'रिप' म्हणतात. लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात, ते परत जायला एखादी अरुंद वाट शोधतं आणि त्या वाटेने जोरात आत धावतं. वरून बघाल तर तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि गडद दिसतं. आपल्याला वाटतं, वा, पोहायला हीच जागा बरी! दर वर्षी सरासरी वीसहून जास्त माणसं ऑस्ट्रेलियात रिपमध्ये जीव गमावतात. शार्कमुळे जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. पण रिपवर कुणी सिनेमा काढत नाही.

६ फेब्रुवारी १९३८ चा रविवार तिथे 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखला जातो. बाँडाय बीचवर मोठ्या लाटा एकामागून एक आल्या आणि उथळ पाण्यात उभे असलेले शेकडो लोक एकदम आत खेचले गेले. नशिबाने शर्यतीसाठी जमलेले लाइफसेव्हर तिथेच होते. सुमारे अडीचशे जणांना बाहेर काढलं गेलं. तरी पाच जण गेले.

सर्फरचा आणि रिपचा संबंध मात्र मजेशीर आहे. ज्या पाण्यात पोहणारा घाबरून हातपाय मारतो, तेच पाणी सर्फर लिफ्टसारखं वापरतो. बोर्डवर पालथं पडायचं आणि रिपच्या वाटेने फुकटात लाटांच्या मागे जायचं. पाणी तेच, वेगही तोच. फरक एवढाच, की एकाने ते काठावरून आधी वाचलंय.

मोरी ताटात, मोरी पाण्यात

आता ज्या विषयाची तुम्ही वाट बघताय, तो. शार्क.

मालवणी माणसाला शार्कचं एवढं काय, असं वाटू शकतं. मोरी, मुशी आपल्या ताटात असतेच. तिकडेही 'फ्लेक' या गोंडस नावाने फिश अँड चिप्समध्ये लोक छोटा शार्कच खातात. आणि मॅनलीच्या दक्षिणेला शेली बीचपाशी एक राखीव उपसागर आहे, तिथे स्नॉर्कलिंग करताना डस्की व्हेलर जातीची मीटरभर लांबीची पिल्लं सर्रास दिसतात. ती आपल्यालाच घाबरून लांब जातात. हिवाळ्यात पोर्ट जॅक्सन शार्क येतात, वाळूवर निवांत पडून असतात. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुणीतरी चप्पल टाकलीय असंच वाटलं.

काळजी आहे ती तीन जातींची. ग्रेट व्हाइट, बुल आणि टायगर. यातला बुल शार्क गरम पाण्याचा शौकीन. उन्हाळ्यात तो सिडनीत येतो, पाणी गार झालं की उत्तरेला क्वीन्सलंडकडे निघून जातो. खाडीत, नदीच्या तोंडाशी, पावसानंतरच्या गढूळ पाण्यात त्याला आरामात शिकार करता येते. २००९ ते २०२४ च्या नोंदींवरून असं दिसलंय, की बुल शार्क आता सिडनीजवळ पूर्वीपेक्षा सरासरी पंधरा दिवस जास्त मुक्काम करतात. पाणी तापतंय, मुक्काम वाढतोय.

ऑस्ट्रेलियात सर्फर आणि शार्क हा विषय निघाला की मिक फॅनिंगचं नाव येतंच. जुलै २०१५, दक्षिण आफ्रिकेतलं जेफ्रीज बे, स्पर्धेची फायनल, टीव्हीवर लाइव्ह. फॅनिंग बोर्डवर बसून लाटेची वाट बघतोय आणि मागे एक मोठी पर वर येते. झटापट झाली, मधे लाट आल्याने काही क्षण कॅमेऱ्याला काही दिसेना. तो ओरखडाही न पडता वाचला. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, त्याच ठिकाणी गेला आणि स्पर्धा जिंकून आला. गोष्ट भारी आहे. पण रोज सकाळी आठची फेरी पकडणाऱ्या माणसाला पाठीशी बोट आणि जेट स्की घेऊन सर्फिंग करता येत नाही. त्याचं काय?

त्याच्यासाठी सिडनीने १९३७ पासून जाळी लावली आहेत. न्यूकॅसल ते वोलोंगाँग, ५१ बीचवर. जाळं म्हटलं की आपल्याला वाटतं, सगळा बीच बंद केला असेल. तसं अजिबात नाही. एक जाळं सुमारे १५० मीटर लांब आणि ६ मीटर उंच, तेही किनाऱ्यापासून बरंच आत. शार्क वरून, खालून, बाजूने आरामात येऊ शकतो. शिवाय जाळ्यात सापडतात ते बहुतेक भलतेच. कासवं, रे, डॉल्फिन, निरुपद्रवी शार्क. म्हणून आता जोडीला नवे उपाय आलेत. बीचवर ड्रोन उडतात. 'स्मार्ट ड्रमलाइन'चा गळ शार्कने गिळला की लगेच संदेश जातो. माणसं बोटीने पोचतात, शार्कला टॅग लावतात आणि खोल समुद्रात सोडून देतात. टॅगवाला शार्क किनाऱ्यावरच्या यंत्राजवळून गेला की 'शार्कस्मार्ट' अॅपवर तुमच्या मोबाइलला टिंग! लंच ब्रेकमध्ये स्विगीचं नोटिफिकेशन यावं, तसं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही नॉर्थ स्टाइनला होतो. पाण्यात शंभरेक माणसं. अचानक भोंगा वाजला, लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा वर गेला. ड्रोनला काहीतरी दिसलं होतं. धावपळ नाही, किंचाळणं नाही. लोक शांतपणे लाट पकडून बाहेर आले आणि वाळूवर ओले उभे राहिले. एक छोटी मुलगी बाबाला विचारत होती, "तो गेला का?" बाबा म्हणाला, "माहीत नाही गं. म्हणून तर थांबलोय." तासाभराने लाइफगार्डने बीच उघडला. निम्मे परत पाण्यात गेले, निम्मे नाश्त्याला. कुणी कुणाला हसलं नाही.

६ सप्टेंबर २०२५

१९६३ पासून २०२२ पर्यंत सिडनीत शार्कमुळे एकही मृत्यू झाला नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये लिटल बे इथे एक पोहणारा गेला. आणि मग ६ सप्टेंबर २०२५, शनिवार. सकाळचे दहा वाजून गेलेले. लाँग रीफ आणि डी वायच्या मधल्या पाण्यात मित्रांबरोबर गेलेल्या ५७ वर्षांच्या एका सर्फरवर मोठ्या शार्कने हल्ला केला. बोर्डचे दोन तुकडे झाले. पाण्यातल्याच दुसऱ्या सर्फरनी त्याला किनाऱ्यावर आणलं, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियात फादर्स डे होता. तो माणूस एका मुलीचा बाप होता. आयुष्यभर याच समुद्रात गेलेला, अनुभवी.

आसपासचे बीच बंद झाले. तीन कौन्सिलच्या हद्दीतल्या एकेका बीचवरची जाळी काढून बघण्याचा विचार तेव्हा सुरू होता, तो सरकारने बाजूला ठेवला. वाद पुन्हा पेटला. जाळी हवीत की नकोत, ड्रोन पुरे का, शार्क वाढलेत का. टीव्हीवर सगळे बोलत होते.

सोमवारी आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये मात्र शांतता होती. आमच्या टीममधला एक जण तीस वर्षं डी वायला सर्फिंग करतो. मी विचारलं, "परत जाणार तू?" तो म्हणाला, "जाणार. पण बायकोला अजून सांगितलं नाहीये." तीन आठवडे तो नुसता कठड्यापाशी जाऊन उभा राहायचा आणि परत यायचा. मग एका रविवारी गेला. पहाटे साडेपाचला नाही, नऊ वाजता, स्वच्छ उन्हात, आणखी दोघांना घेऊन. बायको वाळूवर पुस्तक घेऊन बसली होती. "वाचलं का काही?" असं मी नंतर तिला विचारलं, तर म्हणाली, "एकच पान. तास झाला, तरी तेच."

मला वाटतं, या सगळ्या विषयातलं खरं काय ते त्या एका पानात आहे. पाण्यात जाणारा एकटा जात नाही. त्याच्याबरोबर वाळूवरचं कुणीतरी श्वास रोखून बसलेलं असतं.

परत फिरण्याचं कसब

मग हे लोक जातातच का? हा प्रश्न मी वेगवेगळ्या माणसांना विचारला. 'थ्रिल' असं उत्तर जवळजवळ कुणीच दिलं नाही. बहुतेकांचं उत्तर कंटाळवाणं वाटावं इतकं साधं होतं. दिवसभरात तेवढाच एक तास फोन बरोबर नसतो. तेवढाच एक तास समोरची गोष्ट आपल्या मर्जीने चालत नाही आणि आपण तक्रारही करत नाही. ऑफिसात आपण डेडलाइन ठरवतो, टार्गेट ठरवतो. समुद्राला टार्गेट देता येत नाही. तो सांगतो आणि आपण ऐकायचं.

ऐकण्याची सवय मग अंगवळणी पडते. काल जोराचा पाऊस झालाय? किमान एक दिवस समुद्रात नाही, खाडीत तर तीन दिवस नाही. गटाराचं पाणी आणि गढूळपणा, दोन्ही वाईट. पक्षी पाण्यात सूर मारतायत, माशांचे थवे उडतायत? म्हणजे खाली जेवणाची पंगत बसलीय, आपण पंगतीत जायचं नाही. अंधार पडत आलाय, पाण्यात दुसरं कुणी नाही? उद्या बघू. लाट आपल्या तब्येतीपेक्षा मोठी आहे? कॉफी घेऊ.

क्वीन्सक्लिफच्या समोर, आत समुद्रात खडकावर फुटणारी एक राक्षसी लाट आहे. १९६१ मध्ये डेव्ह जॅकमनने ती सर केली आणि त्याचं नाव झालं. मोठ्या वादळानंतर ती अजूनही उठते. तेव्हा मॅनलीचे रस्ते बघणाऱ्यांनी भरतात. आत जातात अगदी मोजके. बाकीचे, ज्यांना सर्फिंग उत्तम येतं असेही, काठावर उभे राहून बघतात. त्यांना कुणी भित्रं म्हणत नाही. 'आज आपला दिवस नाही' हे वाक्य तिथे अभिमानाने उच्चारलं जातं. आपल्या ऑफिसांमध्ये, ट्रेकला गेल्यावर, पावसाळ्यात धबधब्याखाली उतरताना हे वाक्य किती जणांना उच्चारता येतं, तेवढं बघा.

जायचं असेल तर...

कधी : तिकडचे ऋतू आपल्या उलट. मार्च ते मे हा काळ सर्वांत छान. पाणी अजून कोमट, पहाटेचा वारा जमिनीकडून आणि दुपारची गर्दी कमी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी २३-२४ अंशांपर्यंत जातं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये १७-१८ पर्यंत उतरतं. तेव्हा वेटसूट हवाच.

कसं : सर्क्युलर कीवरून मॅनलीची फेरी. त्यापुढच्या डी वाय, कोलरॉय, नॅराबीनला शहरातल्या विनयार्डहून पिवळी डबलडेकर बी-लाइन बस जाते.

शिकायचं असेल तर : मॅनलीला शिकवणाऱ्या शाळा आहेत. पहिला बोर्ड मऊ फोमचा आणि लांबच घ्या. पोहता येत नसेल तर आधी पोहणं, मग सर्फिंग. यात वशिला चालत नाही.

पोहायचं असेल तर : लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधोमधच उतरा. झेंडे नाहीत तिथे पाण्यात जायचं नाही. रिपमध्ये सापडलात तर किनाऱ्याकडे उलटं पोहत दमू नका. तरंगत राहा, हात वर करा, ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरका. सासू-सासरे, आई-बाबा पहिल्यांदा आले असतील तर फोटो काढण्याआधी त्यांना झेंडे दाखवा.

नुसतं बघायचं असेल तर : पहाटे साडेपाचला कॉफी घेऊन कठड्यापाशी उभे राहा. तिकीट नाही. दहा मिनिटं गप्प राहून समुद्र बघा आणि मनात ठरवा, आज आपण गेलो असतो का. मग शेजारच्या माणसाकडे बघा. त्याने बोर्ड काढला की परत ठेवला, यावरून तुमचं वाचन किती जमलं ते कळेल.